गुरुवारच्या भागातली दुरुस्ती

जामबाग, हैदराबाद
१२ जुलै १९९६

पल्लवी,

आशीर्वाद. काल तुमची 'छावनी नंबर नौ' पाहिली. पटकथेखाली तुझे नाव होते म्हणून शेवटपर्यंत पाहिली. नसते तर सुरुवातीलाच उठून कुकर लावला असता.

तुमची ती मिलिटरी पोलिसातली कॅप्टन उघड्या डोक्याने खाडकन सलाम ठोकते. डोक्यावर टोपी नसताना फौजेत कोणी हात उचलून सलाम करत नाही. तुझे काका मेजर म्हणून निवृत्त झाले, मी त्यांच्याबरोबर किती छावण्या फिरले. आज ते असते तर त्यांनी टीव्ही बंद केला असता.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तुमचा कर्नल दर भागाच्या शेवटी सगळ्या संशयितांना एका खोलीत बसवतो, घडलेला प्रकार सांगतो आणि त्यात मुद्दाम एक गोष्ट चुकीची सांगतो. मग जो गुन्हेगार असतो तो स्वतःच उठून ती चूक सुधारतो! काल तो हवालदार म्हणाला, "नाही साहेब, गोदामातला दिवा बंद होता." झाली अटक. अग, एवढा मूर्ख माणूस फौजेत भरती तरी होईल का? ज्याला लपवायचे आहे तो तोंड मिटून बसेल.

वरच्या मजल्यावरच्या सावित्रीबाई मात्र खूश आहेत. काल जिन्यात म्हणाल्या, "हौ जयवंताबाई, तुमच्या भाचीचा कर्नल लई होशियार हाय!" त्यांना घरी केबल घ्यायची नाही, म्हणून दर गुरुवारी माझ्याकडे येऊन बसतात.

प्रियदर्शिनी ठीक आहे. दिलसुखनगरच्या एका क्लासमध्ये संगणक शिकवायला जाते. माझ्या प्रशांतला जाऊन या मार्चमध्ये दोन वर्षे झाली. ती आता रंगीत साड्या नेसते.

सलामाचे तेवढे बघ.

तुझी आत्या,
जयवंता


अंधेरी, मुंबई
२५ जुलै १९९६

आत्या,

नमस्कार. सलाम चुकला, मान्य. मी सेटवर सांगितलं होतं. दिग्दर्शक म्हणाले, टोपी घातली की हिरॉइनचे केस झाकतात, आणि मालिकेचा सगळा खर्च केसांच्या तेलाची कंपनी करतेय. तेव्हा आमची कॅप्टन बोडकीच राहणार.

कर्नलच्या युक्तीबद्दल मात्र मी भांडणार. ती आमच्या सल्लागारांची आहे. ते स्वतः मिलिटरी पोलिसात तपास करायचे. ते म्हणतात, माणूस प्रश्नाला उत्तर न देता बसू शकतो, पण आपल्याला नीट ठाऊक असलेली गोष्ट समोरचा चुकीची सांगायला लागला की त्याला राहवत नाही. तुम्ही इतकी वर्षं शाळा चालवलीत. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

एक काम आहे. चॅनेलनं पुढचे भाग मंजूर केलेत आणि आमच्या गोष्टी संपल्यात. फौजी घरातली एखादी खरी हकिगत तुमच्याकडे असेल तर कळवा. नावं बदलू.

प्रशांतदादाची आठवण येते. वहिनी रंगीत साड्या नेसतात हे वाचून बरं वाटलं.

पल्लवी


जामबाग, हैदराबाद
५ ऑगस्ट १९९६

पल्लवी,

हकिगत आहे. नावे बदल, पण फार बदलू नकोस.

मध्य प्रदेशातल्या एका छावणीत एक तरुण कॅप्टन आहे. त्याच्या तुकडीची जीप उलटते, त्यात एक जवान मरतो. चौकशी बसते. कागदावर जीप ड्रायव्हर चालवत असतो. दुसऱ्या दिवशी कॅप्टनची साक्ष असते, आणि आदल्या संध्याकाळी तो आपल्या क्वार्टरमध्ये गोळी लागून मेलेला सापडतो. पिस्तूल त्याचेच. चौकशीवाले 'पिस्तूल साफ करताना अपघात' असे लिहून मोकळे होतात. फौजेत हे सभ्यपणाचे मानतात. घरच्यांना कमी त्रास होतो.

त्याची बायको घरातच होती. त्या दिवशी तिचे त्याच्याशी कडाक्याचे भांडण झाले होते. शेजारचे धावत आले तेव्हा फोनचा रिसीव्हर तारेला लोंबकळत होता. ती कोणाशी बोलत होती, हे कोणी विचारले नाही. ती रडत होती, म्हणून सगळ्यांनी तिला पाणी दिले. तुमच्या कर्नलने पाणी देऊ नये. विचारावे.

मी कोणाबद्दल लिहिते आहे ते तुला कळले असेल. माझे त्या दिवशी प्रशांतशी बोलणे झाले नाही. झाले असते तर आज तो असता.

आता कारणही सांगते. प्रियदर्शिनीला लग्न करायचे आहे. उदय नावाचा मुलगा आहे, पुण्याचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला आला आहे. आई मीनाताई त्याच्याजवळ असतात. दिवाळीनंतर ठरवायचे म्हणतात. तिने माझी परवानगी मागितली आणि मी दिली. नाही म्हटले असते तरी ती गेलीच असती, आणि जामबागेतले लोक तिची बाजू घेऊन बोलले असते. मी तिला जाऊ देणार आहे. पण ती कोण आहे हे सगळ्यांना कळल्यावर. मग बघू, मीनाताई तिला घरात घेतात का.

तुला गोष्ट हवी होती. ही गोष्ट आहे.

जयवंता


अंधेरी, मुंबई
२० ऑगस्ट १९९६

आत्या,

तुम्ही काय मागताय ते मला कळलं. दोन दिवस विचार केला. करीन.

चॅनेलवाल्यांना गोष्ट ऐकवली तर ते खुर्चीतून उठले. जीप, साक्ष, लोंबकळणारा रिसीव्हर. म्हणाले, असं काहीतरी आणत जा.

एक प्रसंग लिहून सोबत पाठवतेय. फोन लोंबकळत होता, तेव्हा तो कुणाचा तरी आलेला असणार. म्हणून मी नाट्यासाठी आईचाच फोन घातलाय. तो असा: हैदराबादला आई आपल्या दिवाणखान्यात बसून नंबर फिरवते, थेट मुलाच्या क्वार्टरमध्ये घंटी वाजते. सून फोन उचलते. "आई, ते झोपलेत," म्हणून खोटं सांगते. मागून मुलाचा आवाज येतो. आईला संशय येतो, पण तोवर उशीर झालेला असतो. सून तिथल्या तिथे प्रेक्षकांच्या मनातून उतरेल.

असं घडलं नाही हे मला माहीत आहे, गोष्ट म्हणून वाचा. तरी काही खटकलं तर कळवा. तुमच्याइतकं बारीक इथे कोणी वाचत नाही.

पल्लवी


जामबाग, हैदराबाद
२ सप्टेंबर १९९६

पल्लवी,

प्रसंग लाल पेनाने तपासून परत पाठवते आहे. मुंबईला राहून तू इतके ढोबळ लिहावेस याचे वाईट वाटते.

चौऱ्याण्णव साली आमच्याकडे फोन कुठे होता? नाव नोंदवून वाट बघत होतो. बाहेरगावी बोलायचे तर सुलतान बाजारच्या कोपऱ्यावर एसटीडीचे बूथ होते, तिथे रांग लावावी लागे. काचेची खोली, समोर पळणारा लाल आकड्यांचा मीटर. आईला दिवाणखान्यात कशाला बसवतेस? शिवाय छावणीतल्या क्वार्टरला थेट घंटी वाजत नाही. आधी त्यांचा एक्स्चेंज लागतो. ऑपरेटर नाव विचारतो, 'होल्ड कीजिए माताजी' म्हणतो, मग जोडून देतो.

सुनेने फोन उचलण्याचा तर प्रश्नच येत नाही. उचलायला घरात असायला हवे. जवानांच्या बायकांची वेल्फेअरची बैठक होती, ऑफिसरांच्या बायकांना तिथे जावेच लागते. ती अंधार पडल्यावर परतली. फोन त्यानेच उचलला, पहिल्याच घंटीला. आणि झोपलेत म्हणजे काय? तो त्या दिवशी ड्यूटी ऑफिसर होता. अंगात गणवेश, कमरेला पिस्तूल, चहापुरता घरी आलेला. ड्यूटी ऑफिसर घरी झोपा काढतो असे दाखवलेस तर देशभरचे फौजी हसतील.

एवढे सोडल्यास प्रसंग ठीक आहे. सुनेचे काम करायला सावळी, बारीक मुलगी घ्या. ती बोलताना मान थोडी तिरकी करते, तेही घ्या.

प्रक्षेपणाची तारीख आधी कळव. मला माणसे बोलवायची आहेत.

जयवंता


अंधेरी, मुंबई
१६ सप्टेंबर १९९६

आत्या,

दुरुस्त्या मिळाल्या. सगळ्या घेतल्या, एकही सोडली नाही. तुमचं लाल पेनाचं पान मी जपून ठेवलंय.

भाग २४ ऑक्टोबरच्या गुरुवारी आहे. खुशाल बोलवा सगळ्यांना. मीनाताईंना आणि उदयना नक्की बोलवा. वहिनींना पुढे बसवा, टीव्हीसमोर.

पल्लवी


जामबाग, हैदराबाद
१४ ऑक्टोबर १९९६

पल्लवी,

तयारी झाली. केबलवाल्याला घरी बोलावून ताकीद दिली की त्या संध्याकाळी चित्रात मुंग्या आल्या तर त्याच्या दुकानात येऊन बसेन. तो म्हणाला, "नक्को अम्मा, मैं खुद छत पे बैठता." सावित्रीबाई आपल्या चार खुर्च्या देणार आहेत. मीनाताईंनी येतो म्हणून कळवले आहे. जेवायला बगारा भात आणि मिरचीचा सालन. पुण्याच्या माणसांना तिखट लागेल, पण त्या संध्याकाळी त्यांचे तेवढ्याने भागणार नाही.

प्रियदर्शिनीला वाटते आहे की हे सगळे तिच्या सोयरिकीसाठी चालले आहे. पडदे धुतले, टीव्हीची काच पुसली, मीनाताईंना कोणता मुरंबा आवडतो ते उदयला विचारून आली. काल माझे केस विंचरत होती. म्हणाली, "आई, माझी स्वतःची आई असती तरी तिनं एवढं केलं नसतं." मी म्हटले, "नसतेच केले." तिला ते फार आवडले. सावित्रीबाईंना जाऊन सांगून आली.

त्या दिवशी ती मोरपंखी साडी नेसणार आहे. नेसू दे. नीट दिसेल.

जयवंता


अंधेरी, मुंबई
२३ ऑक्टोबर १९९६

आत्या,

हे पत्र कुरियरनं पाठवतेय. तुम्हाला शुक्रवारी मिळेल, म्हणजे भाग होऊन गेल्यावर. आधी मिळू नये अशीच व्यवस्था केली आहे.

त्या शनिवारी, दादा जाण्याच्या तीन-चार दिवस आधी, त्याचा मला फोन आला होता. म्हणाला, "पल्लू, जीप मी चालवत होतो. ड्रायव्हरच्या नावावर ढकलायचं म्हणताहेत सगळे. मी साक्षीत खरं सांगणार आहे." मी विचारलं, वहिनींना सांगितलंस? म्हणाला, "तिला सांगितलं. ती म्हणाली, सांग, मी आहे. फक्त आईला सांगायचं राहिलंय." आणि हसला. तुम्हाला सांगायचं म्हणजे तो लहानपणापासून असाच हसायचा.

दोन वर्षं मला एवढंच कळत नव्हतं की त्यानं तुम्हाला सांगितलं की नाही. तुम्ही ऑगस्टमध्ये लिहिलंत, बोलणं झालं नाही. मग मी तुम्हाला एक चुकीचा प्रसंग लिहून पाठवला. तुम्ही तो दुरुस्त केलात. वहिनी घरी नव्हत्या, फोन त्यानं उचलला, पहिल्या घंटीला, गणवेशात, पिस्तूल कमरेला. आत्या, हे सगळं फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाशिवाय कुणाला माहीत असणार? तुम्ही पहिल्या पत्रात विचारलं होतं, एवढा मूर्ख गुन्हेगार कुठे असतो.

तुम्ही त्याला काय म्हणालात ते मला ठाऊक नाही. त्या जागी मी एक वाक्य रचलं. आमची नटी ते म्हणताना रडली, मला रडू आलं नाही. मी हे तुम्हाला एकटीला, बंद पाकिटात लिहू शकले असते. पण तुम्ही वहिनींसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर चॅनेलनं भाग पाहून मला वर्षभराचं काम दिलंय. तेही मी नाकारलं नाही.

पल्लवी


जामबाग, हैदराबाद
२८ ऑक्टोबर १९९६

पल्लवी,

कुरियर मिळाले. त्याच्या आधी भाग मिळाला होता.

संध्याकाळ कशी गेली हे तुला ऐकायचे असेल. सगळे वेळेवर आले. प्रियदर्शिनी पुढे, मीनाताईंच्या शेजारी. आईचे काम करणारी बाई पडद्यावर आली तेव्हा सावित्रीबाई ओरडल्या, "अय्यो, ही तर चष्मापण तुमच्यासारखाच घालते की हो!" सगळे हसले. मीही हसले. मग जीप उलटली आणि प्रियदर्शिनीने हातातली बशी खाली ठेवली. काचेचे बूथ आले, लाल मीटर आला, त्यानंतर कोणी हसले नाही.

शेवटी तुमच्या कर्नलने सगळ्यांना बसवले आणि सांगितले की फोन सुनेने उचलला. ती बाई उठून म्हणाली, "नाही. ती घरात नव्हती." इथे तुम्ही जाहिरात टाकलीत. थंड पेय, समुद्र, नाचणारी मुले. प्रियदर्शिनीने मागे वळून विचारले, "आई, तो फोन तुमचा होता?"

मी म्हटले, "समोर बघ. सुरू होईल."

ती माझ्याकडेच बघत राहिली. बाकीचा भाग तिने पाहिला नाही, ऐकला. मान तिरकी नव्हती.

संपल्यावर मीनाताई उठल्या. मला वाटले, निघाल्या. त्यांनी प्रियदर्शिनीला विचारले, "तुझं सामान किती आहे ग?" ती म्हणाली, "दोन सूटकेस. आणि यांची काळी ट्रंक." "चल, आवर. उदय, रिक्षा बघ." दहा मिनिटे सुद्धा लागली नाहीत. ट्रंक मी मागितली. छावणीतून आलेली प्रशांतची ट्रंक आहे, त्याचे नाव आणि नंबर वर पांढऱ्या रंगात घातलेला आहे. प्रियदर्शिनी म्हणाली, "यावर माझ्या नवऱ्याचं नाव आहे. तुम्ही हात लावू नका." पाच वर्षांत ती माझ्याशी प्रथमच असे बोलली. उदयने आणि केबलवाल्याने मिळून ट्रंक खाली नेली.

जेवण तसेच राहिले. सावित्रीबाई जाताना सालनाचे पातेले घेऊन गेल्या. काल पातेले घासून दाराबाहेर ठेवले होते, घंटी वाजवली नाही. खुर्च्या अजून माझ्याकडेच आहेत. न्यायला कोणी येत नाही.

तू मला पकडलेस असे तुला वाटत असेल. मी फोन केला होता. आईने मुलाला फोन करणे हा गुन्हा कधीपासून झाला? मला रडणारी बाई दाखवलीत, मी रडले नाही. तुझ्या काकांनी बावीस वर्षे नोकरी केली आणि एकदाही चौकशीला उभे राहिले नाहीत. त्यांच्या मुलाने सगळ्या पलटणीसमोर उभे राहून 'जवान माझ्या हातून मेला' म्हणायचे, आणि मी ते ऐकून घ्यायचे, हे मला जमण्यासारखे नव्हते.

पण एक गोष्ट मी तशीच जाऊ देणार नाही. तुमच्या त्या बाईच्या तोंडी तू वाक्य घातलेस, "त्यापेक्षा तू मेलास तरी चालेल." हे वाक्य बाजारू आहे. मी कधी असे बोलत नाही. 'मर' हा शब्द मी वापरलेला नाही.

तो म्हणाला, "आई, उद्या मी खरे सांगणार आहे." मी विचारले, कुठून बोलतोस. म्हणाला, घरून, ड्यूटीवर आहे, चहाला आलो. तेव्हा मी म्हटले, "म्हणजे कमरेला पिस्तूल असेल. ते खात्याने ऑफिसरला कशासाठी दिलेले असते, हे आता मी तुला शिकवायचे का?"

तो म्हणाला, "नाही, आई."

त्याने फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. मी थोडा वेळ कानाला धरून उभी राहिले. मीटर पळत होता, मागे रांग होती, एक माणूस काचेवर किल्ली वाजवत होता. मग मी ठेवला.

भागाच्या शेवटी पट्टी आली की हा भाग लोकाग्रहास्तव पुन्हा दाखवणार आहेत. त्याआधी ते वाक्य बदलून घेणे.

जयवंता